गावच्या घरी वर्षभर उभी राहिलेली मोटारसायकल पुन्हा सुरू करताना

कोकणातल्या अनेक घरांच्या पडवीत एक मोटारसायकल उभी असते. ती घेतलेली असते मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या मुलाने, वापरली जाते गणपतीत आणि शिमग्यात, आणि मधले कित्येक महिने ती जागची हलत नाही. एखाद्या वर्षी येणे होत नाही, कोणी परदेशी जाते, कोणाचे वडील गेल्यानंतर त्यांच्या गाडीला हात लावायची इच्छा होत नाही, आणि पाहता पाहता एक संपूर्ण पावसाळा किंवा दोन पावसाळे गाडीवरून जातात. हा लेख अशा गाडीसाठी आणि ज्यांनी यापूर्वी कधी पाना हातात धरलेला नाही अशा वाचकांसाठी लिहिला आहे. डोळ्यांसमोर ठेवली आहे ती कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेली, शंभर ते दीडशे सीसीची, रोजच्या वापराची चार-स्ट्रोक गाडी, कारण गावच्या घरी बहुधा स्प्लेंडर, पॅशन, प्लॅटिना, पल्सर अशाच गाड्या असतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या आणि जुनी बुलेट यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. गावी पोहोचल्यावर कापड बाजूला सारून लगेच किक मारू नये. बंद पडून राहिलेल्या गाडीचे मोठे नुकसान बहुतेक वेळा त्या पहिल्या उतावळ्या किकांमध्ये होते. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल ओघळून गेलेले असते, तिथे गंजाचा पातळ थर आलेला असतो, आणि कोरडा पिस्टन त्याच्यावरून जोराने फिरवला की रिंगा आणि सिलिंडर दोन्ही खरवडले जातात. गाडी सुरू करणे ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी आहे आणि तिच्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवावेत. पहिल्या दिवशी ज्या कामांना मुरायला किंवा भिजायला वेळ लागतो ती कामे लावून द्यावीत आणि ती होत असताना बाकीची तपासणी करावी. हा क्रम पाळला तर कामात घाई राहत नाही, आणि या कामाचा खरा शत्रू घाई हाच आहे.

साहित्य आणि जागा

प्लग पाना, ८ ते १७ क्रमांकांचे पाने, चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टॉर्च, सुई काढलेली प्लॅस्टिकची सिरिंज, पारदर्शक काचेची बाटली, पितळी तारांचा ब्रश, सुती फडकी, रबरी हातमोजे आणि शक्य असल्यास मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. त्याबरोबर नवे इंजिन ऑइल, नवा स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे, गंज सोडवणारे तेल, दोन हात पेट्रोलची नळी आणि एक छोटा पारदर्शक पेट्रोल फिल्टर आणावा. ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असे लिहिलेले आहे याची खात्री करावी, कारण मोटारसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारींसाठीचे काही तेल वापरले तर तो घसरू लागतो. कोणत्या दर्जाचे आणि किती तेल घालायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

काम उघड्यावर किंवा भरपूर वारा खेळणाऱ्या ठिकाणी करावे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि बऱ्याच अंतरावरच्या चुलीपर्यंत किंवा देवाजवळच्या समईपर्यंत पोहोचू शकते. सुक्या वाळूची बादली जवळ ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्याने आग विझत नाही, ती पसरते.

आधी नुसते पाहावे

हात लावण्यापूर्वी गाडीभोवती टॉर्च घेऊन फिरावे. सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घरटे केले आहे का, वायरी कुरतडल्या आहेत का, सायलेन्सरच्या तोंडात काही भरले आहे का, हे तपासावे. कोकणात आणखी एक पाहुणी हमखास येते ती म्हणजे कुंभारीण माशी. ती सायलेन्सरचे तोंड, कार्ब्युरेटरखाली लोंबणारी नळी, टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र अशा जागा चिखलाने लिंपून टाकते. झाकणातल्या छिद्राकडे विशेष लक्ष द्यावे. ते बुजलेले असेल तर गाडी सुरू होते, काही मिनिटे चालते आणि मग टाकीत हवा शिरत नसल्यामुळे पेट्रोल खाली उतरेनासे होऊन बंद पडते. माणूस दिवसभर कार्ब्युरेटर उघडत बसतो आणि दोष चिखलाच्या एका गोळीत असतो.

इंजिनखाली तेलाचा डाग आहे का, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या दांड्यांवर गंजाचे ठिपके आहेत का, हेही याच वेळी पाहावे. समुद्राजवळच्या गावांत खारी हवा धातूला फार लवकर खाते, म्हणून वायरींच्या जोडण्या, बॅटरीची टोके आणि स्पोक यांची अवस्था दूरच्या गावांपेक्षा वाईट असेल हे गृहीत धरावे.

पहिला दिवस: मुरायला ठेवायची कामे

पहिले काम बॅटरीचे. ती काढताना उणे टोक आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी पडणार नाही. मल्टिमीटरने पाहिले असता पूर्ण भरलेली, तासन्‌तास स्वस्थ ठेवलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती जवळपास रिकामी आहे आणि साडेदहाच्याही खाली असेल तर तिचा एखादा सेल गेला असण्याची शक्यता मोठी आहे. पाणी घालायच्या जुन्या प्रकारची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल घालू नये. सीलबंद बॅटरी उघडू नये. चार्जिंग सावकाश करावे. बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिलेले असतात त्याच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह योग्य, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. ट्रकच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात ही चिमुकली बॅटरी मोठ्या चार्जरवर लावली तर ती तापून कायमची जाते, म्हणून तिथे देताना हे स्पष्ट सांगावे. वर्षभर पूर्ण रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेतल्यासारखी दाखवून दोनदा सेल्फ मारताच बसते. अशा बॅटरीवर वेळ घालवण्यापेक्षा नवी घेणे बरे.

दुसरे काम सिलिंडरचे. प्लगच्या भोवती साचलेली माती आधी फुंकून आणि ब्रशने काढावी, नाहीतर प्लग सोडताच ती सरळ आत पडते. जांभ्याची धूळ सिलिंडरमध्ये जाणे म्हणजे आत पॉलिश पेपर घासणे आहे. प्लग काढल्यावर सिरिंजने पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, इंजिन ऑइल भोकातून आत सोडावे, भोकावर स्वच्छ फडके ठेवावे आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्यावी. तेल हळूहळू रिंगांच्या फटीत उतरते. किकला या दिवशी पाय लावायचा नाही.

तिसरे काम पेट्रोलचे. पेट्रोल कॉकची नळी काढून टाकीतले सगळे पेट्रोल कॅनमध्ये काढावे आणि त्यातले थोडे काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात पाहावे. ताजे पेट्रोल स्वच्छ आणि झोंबऱ्या वासाचे असते. बिघडलेल्याचा रंग गडद होतो आणि त्याला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. बाटली काही वेळ स्थिर ठेवली की पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो. देशात २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि त्यामुळे दीर्घकाळ साठवणीचा प्रश्न अधिक अवघड झाला आहे, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यातल्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत हे ओलेपण वाढत जाते, आणि एका मर्यादेनंतर इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून सुटे होतात व तळाशी बसतात. पेट्रोल कॉक नेमका तळातून पेट्रोल घेतो. वरचे पेट्रोल चांगले दिसते म्हणून त्यातच नवे मिसळून काम भागवावे असा मोह होतो, तो टाळावा. काढलेले पेट्रोल गटारात, विहिरीच्या आसपास किंवा मातीत ओतू नये. जवळच्या गॅरेजमध्ये सुटे भाग धुण्यासाठी ते बहुधा घेतात.

टॉर्चने टाकीच्या आत पाहावे, मात्र टॉर्चच, काडी किंवा लायटर कदापि नाही. आत लालसर थर दिसला तर टाकी उतरवून साफ करावी लागेल. हलक्या गंजासाठी पांढरे व्हिनेगर पुरते. पेट्रोल कॉक आणि काट्याचा फ्लोट काढून ती भोके रबराने घट्ट बंद करावीत, टाकी व्हिनेगरने भरावी आणि एक रात्र ते चोवीस तास ठेवावी. नंतर पाण्याने धुऊन, खाण्याचा सोडा विरघळवलेले पाणी फिरवून आम्ल मारावे, पुन्हा धुवावे आणि लगेच सुकवावे. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते, म्हणून सुकताच थोडे पेट्रोल व एक चमचा ऑइल आत घालून सर्व बाजूंना फिरवून काढून टाकावे. गंजाच्या खपल्या सुटत असतील किंवा तळाला भोके पडली असतील तर मात्र टाकी कारागिराकडे द्यावी.

कार्ब्युरेटर

बंद राहिलेल्या गाड्यांपैकी बहुतेकींचा दोष इथे सापडतो, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत थोडेसे पेट्रोल कायम साठलेले असते. गाडी उभी राहिली की ते उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट, पिवळसर थर राहतो. तो थर जेटच्या, म्हणजे ठरावीक पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पितळी भागांच्या, छिद्रांत घट्ट होतो. यातही लहान जेट, म्हणजे इंजिन संथ चालत असताना आणि थंडपणी सुरू होताना पेट्रोल पुरवणारा पायलट जेट, आधी बुजतो, कारण त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते.

वाटीच्या तळाला निचऱ्याचा एक स्क्रू असतो. तो सोडून आत काय उरले आहे ते पाहण्याने अंदाज येतो. काही लोक एवढ्यावर थांबून नवे पेट्रोल घालून किक मारायला सांगतात. माझे मत असे आहे की गाडीने पावसाळा बंद स्थितीत काढला असेल तर कार्ब्युरेटर उघडलाच पाहिजे. अर्धवट बुजलेल्या जेटवर गाडी सुरू झाली तरी पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे मिश्रण जळत राहते, इंजिन जास्त तापते आणि चढावर गाडी दम सोडते.

उघडण्यापूर्वी मोबाइलवर सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती नळी कुठे लागते हे टिपून ठेवावे. वाटीचे स्क्रू मऊ असतात. ड्रायव्हरचे टोक नीट न बसता जोर लावला तर खाच झिजते, म्हणून आधी गंज सोडवणारे तेल लावून थांबावे आणि ड्रायव्हरच्या मुठीवर हलके ठोकून मग फिरवावे. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो हे मोजून लिहून ठेवावे, म्हणजे बसवताना तितकेच फेरे बाहेर घेता येतात.

वाटी उघडल्यावर फ्लोट (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग), पेट्रोल थांबवणारी त्याची सुई, मोठा जेट आणि पायलट जेट क्रमाने काढावेत आणि पांढऱ्या फडक्यावर त्याच क्रमाने मांडावेत. जेट आकाशाकडे धरून पाहिले असता छिद्रातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. दिसत नसेल तर क्लीनर फवारून काही तास भिजू द्यावे, पुन्हा फवारावे आणि नंतर पंक्चरच्या दुकानातल्या हवेने फुंकावे. जेटमध्ये तार किंवा सुई घालू नये. जेट पितळेचा असतो, तार त्याचे भोक मोठे करते आणि गाडी त्यानंतर कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. फवारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण एका भोकात मारलेला स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ चेहऱ्यावर येतो. ज्या कार्ब्युरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो तिथे तो पडदा आणि सर्व रबरी रिंगा आधी काढून ठेवाव्यात, कारण क्लीनरने रबर फुगते. सुईच्या टोकावर गोल खाच पडलेली असेल तर ती सुई बदलावी, नाहीतर पेट्रोल थांबणार नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होत राहील.

बसवताना पेट्रोलची नळी नवीच घालावी आणि मध्ये फिल्टर लावावा. जुनी नळी वाकवल्यावर तडे दाखवत असेल तर ती वाचवण्यात काही अर्थ नाही.

बाकीची तपासणी

सिलिंडरमध्ये तेल मुरत असताना आणि बॅटरी भरत असताना पुढील गोष्टी उरकता येतात. एअर फिल्टर फोमचा असेल तर रॉकेलने धुऊन, सुकवून, हलका तेलाचा हात देऊन बसवावा. कागदी असेल आणि त्याला ओल लागली असेल तर नवा घ्यावा.

अॅक्सिलरेटर फिरवून सोडताच तो स्वतःहून झटक्यात मिटला पाहिजे. तो अडकत असेल तर केबलमध्ये तेल सोडावे किंवा केबल बदलावी, आणि हे झाल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

ब्रेकची तपासणी इंजिनच्या आधी करावी असा माझा आग्रह आहे, कारण गाडी एकदा धडधडू लागली की तिच्यावर बसून एक फेरी मारल्यावाचून कोणालाच राहवत नाही, आणि कोकणातले घरासमोरचे रस्ते बहुधा उताराचे असतात. ड्रम ब्रेक गंजाने आतून चिकटतात, त्यामुळे चाक हाताने फिरते का आणि ब्रेक दाबून सोडल्यावर पुन्हा मोकळे होते का हे पाहावे. डिस्क ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. कोणते तेल घालायचे, डॉट ३ की डॉट ४, हे ब्रेकच्या तेलाच्या डबीच्या झाकणावरच छापलेले असते. हे तेल रंगावर सांडले तर रंग उडतो. हे काम पूर्वी केलेले नसेल तर ते मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, म्हणजे २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी बाजूला तडे गेले असतील तर तो टायर रस्त्यावर नेण्याजोगा राहिलेला नाही. हवा पुस्तिकेप्रमाणे भरावी. चेन रॉकेल आणि ब्रशने साफ करून तिला नव्वद नंबरचे गिअर ऑइल द्यावे.

इंजिनचे तेल गाडी सुरू करण्यापूर्वी बदलावे की नंतर, याबद्दल मेकॅनिकांमध्येही दोन मते आढळतात. वर्षाहून अधिक काळ गेला असेल, तेल दुधट दिसत असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर ते आधीच बदलावे. दुधट रंग पाण्याची खूण आहे, आणि पेट्रोलचा वास असेल तर फ्लोटच्या सुईतून पेट्रोल झिरपून सिलिंडरवाटे खाली उतरले आहे असे समजावे. थंड तेल सावकाश निथळते म्हणून इंजिनच्या तळाचा निचऱ्याचा बोल्ट काढून तासभर थांबावे.

दुसरा दिवस: इंजिन मोकळे करणे

गाडी मेन स्टँडवर घ्यावी, प्लग काढलेलाच ठेवावा, चावी बंद असावी. वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढच्या दिशेला हळू फिरवावे. चाकाबरोबर इंजिन फिरू लागले तर मोठी चिंता संपली. फिरत नसेल तर जोर लावू नये आणि किकवर उभे राहू नये. प्लगच्या भोकातून आता गंज सोडवणारे तेल घालावे, आणखी एक रात्र थांबावे आणि चाक थोडे पुढे, थोडे मागे असे हलवून पाहावे. तीन-चार दिवसांनीही हालचाल नसेल तर पिस्टन जाम आहे आणि वरचा भाग उघडण्यावाचून मार्ग नाही.

इंजिन मोकळे असल्यास गाडी न्यूट्रल करून, प्लगच्या भोकावर फडके ठेवून, दहा-पंधरा वेळा सावकाश किक फिरवावी. आत घातलेले जादा तेल उडून बाहेर येते आणि ऑइल पंप नवे तेल वरपर्यंत पोहोचवू लागतो.

आता नवा प्लग टोपीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावे, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून लांब, आणि इन्सुलेटेड पक्कडीने धरून दुसऱ्याला किक मारायला सांगावे. निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, अशक्त ठिणगी असेल तर प्लगची टोपी आणि जोडण्या साफ कराव्यात. ठिणगीच नसेल तर सर्वांत आधी हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण आणि साइड स्टँडचा स्विच पाहावा, मग उंदरांनी खाल्लेल्या वायरी शोधाव्यात. काही जुन्या शंभर सीसी गाड्यांना ठिणगीसाठी वीज थेट मॅग्नेटोकडून, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाकडून, मिळते, त्यामुळे त्या बॅटरी मेलेली असली तरी किकने सुरू होतात. सर्व गाड्यांना हे लागू नाही.

सुरू करणे

प्लग हाताने आट्यांत नीट बसवून मगच पान्याने आवळावा. एक-दोन लिटर ताजे पेट्रोल घालावे, कॉक उघडून काही मिनिटे थांबावे आणि कार्ब्युरेटरखाली गळती होत नाही ना ते पाहावे. गाडी अंगणात घ्यावी, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत जीव घेऊ शकतो. न्यूट्रल, चोक ओढलेला, अॅक्सिलरेटर पूर्ण बंद, चावी सुरू, आणि मग पूर्ण लांबीची, एकसारखी किक. सेल्फ वापरायचा असेल तर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये पंधरा सेकंद तरी सोडावेत.

दहा-बारा किकांत इंजिनने दाद दिली नाही तर किका वाढवू नयेत, प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही, म्हणून कॉक, नळी, फ्लोटची सुई आणि जेट या क्रमाने शोधावे. तो ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे किंवा ठिणगी कमी पडते आहे. अशा वेळी प्लग पुसून बसवावा, चोक मिटवावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून चार-पाच किका माराव्यात. गाडी फक्त चोकवर चालते आणि चोक मिटवताच बंद पडते, ही पायलट जेट अजून बुजलेला असल्याची खूण आहे आणि तिथे कार्ब्युरेटर पुन्हा उघडण्याचा कंटाळा करू नये. ढकलस्टार्ट या टप्प्यावर टाळावा.

सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे पांढरट-निळा धूर येईल. तो सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचा असतो आणि थोड्या वेळात विरतो. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहेत, आणि काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पहिली पाच मिनिटे रेस वाढवू नये. टाळीसारखा किंवा ठोकल्यासारखा आवाज सतत आला तर गाडी ताबडतोब बंद करावी. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून, इंजिन थोड्या वेगात असताना, १४ व्होल्टच्या आसपास आकडा येतो का ते पाहिले की चार्जिंगचीही खात्री होते.

गिअर टाकण्यापूर्वी एक गोष्ट राहते. तेलातल्या क्लच प्लेटा बंद काळात एकमेकींना चिकटतात, त्यामुळे क्लच दाबलेला असूनही गिअर पडताच गाडी उडी मारते. म्हणून इंजिन गरम झाल्यावर बंद करावे, दुसरा गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे ढकलावी आणि ती मोकळी फिरू लागल्यावरच पुढचे पाऊल टाकावे.

इंजेक्शनच्या गाड्या आणि जुनी बुलेट

एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम आल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. त्यांत चोकही नसतो. इथे बॅटरीची प्रकृती सर्वांत महत्त्वाची, कारण पेट्रोल पंप आणि इंजिनचा संगणक दोन्ही तिच्यावर चालतात. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद घरघर ऐकू आली पाहिजे. ती येत नसेल तर फ्यूज पाहावा आणि मग सेवा केंद्रात न्यावे. जुने पेट्रोल या गाड्यांतूनही काढून टाकावेच, कारण बुजलेला इंजेक्टर जेटसारखा घरी साफ होत नाही.

जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्ये उभ्या काळात तेल आपल्या टाकीतून पंपावाटे क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरते आणि तेल मोजायच्या पट्टीवर पातळी कमी दिसते. ते कमी आहे असे समजून वरून आणखी तेल ओतले तर ते जास्त होऊन इंजिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून बाहेर पडू लागते. म्हणून क्रँककेसमधले तेल आधी काढून घ्यावे आणि नंतर पातळी मोजावी. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून पिस्टन योग्य जागी आणल्याशिवाय तिला किक मारू नये, कारण उलटी किक पायाला गंभीर इजा करते.

कागदपत्रे आणि पहिली फेरी

वर्षभर उभ्या गाडीचा विमा आणि पीयूसी दोन्ही बहुधा संपलेले असतात. किमान तृतीय पक्ष विमा असल्याशिवाय घरासमोरच्या रस्त्यावरही गाडी नेऊ नये. तो नसताना अपघात झाला तर भरपाई स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, आणि अपघात न होताही पहिल्या वेळी दोन हजार रुपयांचा दंड आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते; जुन्या गाडीच्या आरसी बुकावरची तारीख अवश्य पाहावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का हेही तपासावे.

पहिली फेरी गावातल्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात आणि एकट्यानेच करावी. दोन्ही ब्रेक वेगवेगळे लावून पाहावेत. परत आल्यावर तेल, पेट्रोल कुठे पाझरते आहे का ते पाहावे आणि सैल झालेले नट आवळावेत. महामार्गावर जाणे त्या दिवशी टाळावे. तीनशे ते पाचशे किलोमीटर झाल्यावर इंजिनचे तेल पुन्हा एकदा बदलावे, कारण आत सुटलेला गंज आणि काजळी या पहिल्या तेलाबरोबर खाली येते.

पुन्हा निघण्यापूर्वी

शहरात परतण्याच्या आदल्या दिवशी तासभर दिला तर पुढच्या वेळी यातले बरेच काम वाचते. पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि निचऱ्याचा स्क्रू सोडून कार्ब्युरेटरची वाटी कोरडी करावी. टाकी सहा महिन्यांहून जास्त काळासाठी ठेवायची असेल तर ती पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि प्लग परत बसवावा. बॅटरी काढून घरातल्या कोरड्या जागी ठेवावी आणि गावातल्या कोणाला तरी महिन्या-दोन महिन्यांनी ती चार्ज करायला सांगावे. गाडी मेन स्टँडवर, लाकडी फळीवर उभी करावी, सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या वाटेला कापडाचे बोळे लावावेत आणि वरून प्लॅस्टिकऐवजी सुती चादर घालावी, कारण प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. बोळे लावल्याची, पेट्रोल काढल्याची आणि तारखेची चिठ्ठी चावीला बांधून ठेवावी, म्हणजे मध्येच कोणी गाडी सुरू करायला गेले तर त्याला काय करायचे ते कळेल.